नभोवाणीचा एक दिवस : ६ जून १९४४



आमच्यासारख्या माणसाला अशा व्यासपीठावर बोलावले की त्याच्याकडून दोनच प्रकारची भाषणे अपेक्षित असतात. एक बोनसवर आणि दुसरे मालकावर. चालकांचे पत्र आले तेव्हा त्यांनीही 'कामगार चळवळीपुढील प्रश्न' असा काहीसा विषय सुचविला होता. आम्ही उलट टपाली कळविले की त्या प्रश्नांवर आम्ही वर्षाचे तीनशे दिवस बोलतो, आणि ज्यांनी ऐकायला पाहिजे ते कधीच ऐकायला येत नाहीत. तेव्हा वसंत ऋतूत एक संध्याकाळ तरी आम्हांला दुसऱ्या विषयावर बोलू द्या. त्यांनी उदारपणे होकार दिला. विषय वाचून मात्र ते जरा चमकले असावेत. लढाईतला रेडिओ आणि आम्ही, यांचा संबंध काय?

संबंध सांगतो. आमचे शाळेतील शिक्षण सातवीला संपले. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले, आणि इंग्रजी आम्ही शिकलो ते औद्योगिक न्यायालयांचे निवाडे वाचून. त्यामुळे आमच्या इंग्रजीत प्रेमाचे शब्द कमी आणि 'सबब', 'तथापि', 'उपरोक्त' यांचा भरणा फार. हे इंग्रजी सुधारावे म्हणून कचेरीतल्या एका तरुण सहकाऱ्याने आमच्या खिशातल्या फोनवर जुने रेडिओ कार्यक्रम भरून दिले. त्यांत ६ जून १९४४ या एका दिवसाचे कार्यक्रम निघाले. अमेरिकेतील एन.बी.सी. आणि सी.बी.एस. या दोन मोठ्या कंपन्यांचे त्या दिवसाचे प्रक्षेपण जवळजवळ सबंधच्या सबंध मुद्रित होऊन राहिले आहे. रात्रीच्या गाडीने सभांना जाता-येता आम्ही ते ऐकले. इंग्रजी किती सुधारले हे देव जाणे. पण त्या दिवसाने आम्हांला सोडले नाही.

तो मंगळवार होता. त्या पहाटे इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघालेली दोस्तांची सैन्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात उतरली. हा इतिहास आपणांपैकी पुष्कळांनी वाचला असेल, चित्रपटांत पाहिलाही असेल. आम्ही सांगणार आहोत ते समुद्रकिनाऱ्यावरचे नव्हे, तर त्या दिवशी घराघरांत, कारखान्यांत, दुकानांत लोकांच्या कानांवर काय पडत होते ते.

प्रथम घड्याळ नीट लावून घेऊ, नाही तर घोटाळा होईल. लढाईमुळे सगळ्या जगाची घड्याळे पुढे ढकललेली होती. इंग्लंडमध्ये उन्हाळ्याची वेळ दोन तास पुढे, अमेरिकेत एक तास पुढे, आणि आपल्या हिंदुस्थानातही १९४२ च्या सप्टेंबरपासून एक तास पुढे. लंडनमध्ये सकाळचे साडेसहा म्हणजे न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीनंतरचा अर्धा तास. अमेरिकन पलटणी पाण्यात उड्या टाकणार होत्या त्या ठरलेल्या वेळी, म्हणजे बरोबर साडेसहाला, त्यांच्या घरची माणसे एकतर झोपलेली होती किंवा रेडिओवर हॉटेलांतून येणारे नाचाचे संगीत ऐकत होती.

त्या संगीतात पहिला खंड पडला तो साधारण बारा वाजून सदतीस मिनिटांनी. आता गंमत पाहा. बातमी आली ती दोस्तांकडून नव्हे, शत्रूकडून. ट्रान्सओशन नावाच्या जर्मन वृत्तसंस्थेने जाहीर केले की स्वारी सुरू झाली. लंडन गप्प, वॉशिंग्टन गप्प. मग निवेदकाने करायचे काय? बातमी दडपावी तर ती खरी असण्याचा संभव. सांगावी तर शत्रूचे काम केल्यासारखे होईल. कारण फ्रान्समधील भूमिगतांना वेळेआधी उघड्यावर आणून टिपण्यासाठी जर्मनांनी टाकलेले हे जाळेही असू शकत होते.

त्यांनी केले ते असे. बातमी सांगितली, आणि दर दोन-चार मिनिटांनी तिच्या शेपटीला बांधून सांगितले की हे जर्मन सांगत आहेत, आमच्या बाजूने याला दुजोरा नाही. सी.बी.एस.चे रॉबर्ट ट्राउट तासन्‌तास तेच सांगत आहेत. आवाज चढत नाही, उतरत नाही. हातात नवा कागद आला की कागद वाचायचा, कागद कुणाकडून आला ते सांगायचे, आणि पुन्हा तीच शेपटी. अधिकृत घोषणा झाली तीन वाजून बत्तीस मिनिटांनी. म्हणजे तीन तासांना पाच मिनिटे कमी इतका वेळ हा माणूस आणि दुसऱ्या कंपनीतले त्याचे भाऊबंद 'अद्याप दुजोरा नाही' या वाक्यावर उभे होते. आम्ही हे ऐकत होतो तेव्हा आमची गाडी कुठल्याशा स्टेशनाबाहेर सिग्नलला थांबली होती, आणि आम्हांला घाम फुटला होता. त्याचे कारण पुढे येईल.

या सावधगिरीला एक ताजा चटकाही होता. तीनच दिवस आधी, ३ जूनला, लंडनमधील एका अमेरिकन वृत्तसंस्थेच्या कचेरीत टेलिप्रिंटर चालविणारी एक तरुण मुलगी वेग वाढावा म्हणून सराव करीत होती. सगळ्या जगाच्या मनात जे होते तेच तिने सरावाला घेतले : आयझेनहॉवरच्या कचेरीची घोषणा, दोस्त फ्रान्समध्ये उतरले. सरावाची ती फीत खऱ्या मजकुराबरोबर तारेवर गेली. बातमी अमेरिकेत पोहोचली, रेडिओवर सांगितलीही गेली, आणि काही मिनिटांत मागे घ्यावी लागली. बिचारी मुलगी! जगातल्या सगळ्यांत मोठ्या गुपिताशी तिचे बोट जरा लागले, एवढाच तिचा गुन्हा.

त्या मुलीची आम्हांला फार कणव येते. कारण आम्ही तिच्यापेक्षा मोठा प्रमाद केला आहे, आणि तोही सरावात नव्हे.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात संप चालू होता. कारखान्याचे नाव घेत नाही. त्याची आता जरुरी नाही. संपाला दीड महिना होऊन गेला होता. मंगळसूत्रे गहाण पडली होती, वाणी उधार देईनासे झाले होते. एका संध्याकाळी फाटकाबाहेर सभा चालू असताना आत वाटाघाटीला बसलेल्यांपैकी एकाकडून चिठ्ठी आली. तिच्यात एकच शब्द होता, 'मान्य'. कोणी मान्य केले, काय मान्य केले, सही झाली की नाही, यांतले काही नव्हते. आम्ही कर्णा हातात घेतला आणि सांगून टाकले की मागण्या मान्य झाल्या, उद्या पहिल्या पाळीला कामावर जायचे! त्या आरोळीचा आवाज आमच्या कानांत अजून आहे. माणसे नाचली. कुठून तरी गुलाल आला.

सकाळी फाटक बंद होते. 'मान्य' झाले होते ते एवढेच, की मागण्यांचा विचार करायला हरकत नाही. पुढे आणखी तीन आठवडे ओढाताण होऊन करार झाला, पण पहिल्यापेक्षा हलका. कारण ज्यांनी एकदा गुलाल उधळला त्यांना दुसऱ्यांदा घट्ट उभे करणे आम्हांला जमले नाही. त्या सकाळी गर्दी पांगल्यावर एक कामगार आमच्याजवळ आला. गरीब स्वभावाचा माणूस, कधी सभेत बोललेला नाही. म्हणाला, "भाऊ, काल रात्री मेव्हणा गावाहून पैसे घेऊन आला होता. तुमचा शब्द होता म्हणून मी म्हटलं, आता गरज नाही. सकाळच्या एस.टी.नं गेला तो परत." एवढे बोलून तो हजेरीच्या रांगेत उभे राहावे तसा बंद फाटकासमोर जाऊन उभा राहिला. रागावला असता तर आम्हांला सोपे गेले असते.

तर श्रोतेहो, ट्राउट यांचे ते 'अद्याप दुजोरा नाही' आम्ही ऐकत होतो ते अशा कानांनी. विद्वान मंडळी त्यात पत्रकारितेचा आदर्श वगैरे पाहतील. आम्हांला दिसत होता तो परत गेलेला मेव्हणा.

असो. तीन वाजून बत्तीस मिनिटांनी, म्हणजे लंडनच्या नऊ बत्तीसला आणि आपल्याकडच्या दुपारी दोनच्या सुमाराला, घोषणा आली. बीबीसीवर ती वाचली जॉन स्नॅग यांनी. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या नावांच्या शर्यतीचे वर्णन करणारा हा आवाज इंग्रजांच्या ओळखीचा होता. मूळ इंग्रजी पत्रकात मोजून २६ शब्द आहेत. जनरल आयझेनहॉवर यांच्या हुकमतीखाली, हवाई दलाच्या पाठिंब्याने, नौदलाने आज सकाळी फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर सैन्य उतरविण्यास सुरुवात केली आहे, बस्स. 'सुरुवात केली आहे' हे शब्द पाहा. जिंकले म्हटलेले नाही, पाय रोवले म्हटलेले नाही. हे पत्रक ज्याने लिहिले त्याला आम्ही आमच्या युनियनचा चिटणीस केला असता.

यानंतर युरोपातील लोकांना उद्देशून भाषणे झाली. आयझेनहॉवर बोलले, नॉर्वेचे राजे बोलले, हॉलंड आणि बेल्जियमचे पंतप्रधान बोलले. ज्याच्या देशात सैन्य उतरले होते त्या फ्रान्सचा मात्र कोणी बोलला नाही! जनरल द गॉल इंग्लंडमध्येच होते. त्यांना आयझेनहॉवर यांच्या पाठोपाठ बोलायला सांगितले होते. पण आयझेनहॉवर यांच्या भाषणात फ्रेंच जनतेने आपले हुकूम पाळावेत असे होते आणि द गॉल यांचे नावही नव्हते. द गॉल म्हणाले, मी या रांगेत उभा राहणार नाही. चर्चिल भडकले. रात्रभर निरोप्यांच्या येरझारा झाल्या. शेवटी द गॉल त्या संध्याकाळी वेगळे बोलले, आणि बोलले ते असे, की फ्रेंच सरकारने व त्याने नेमलेल्या फ्रेंच नेत्यांनी दिलेल्या आज्ञा तंतोतंत पाळा. ज्याला कुणी सरकार म्हणून मान्यता दिली नव्हती तो माणूस मायक्रोफोनसमोर बसून सरकार झाला. पुष्कळ लेखकांनी याला हट्टीपणा म्हटले आहे. आमचे मत निराळे आहे. वाटाघाटीच्या मेजावर आपली खुर्ची कुठे मांडली आहे हे जो पाहत नाही, त्याच्या मागण्यांचे काय होते ते आम्ही पाहिले आहे.

फ्रान्समधल्या लोकांसाठी रेडिओ तर आदल्या रात्रीच बोलून गेला होता. बीबीसीच्या फ्रेंच बातम्यांनंतर 'खाजगी निरोप' नावाचा भाग असे. त्यांत अर्थहीन वाटणारी वाक्ये सावकाश वाचून दाखवीत. प्रत्येक वाक्य म्हणजे कोणत्या तरी भूमिगत टोळीला कामाचा हुकूम. ५ जूनच्या रात्री व्हर्लेन या कवीच्या एका कवितेचा तुकडा वाचला गेला. त्याचा आधीचा तुकडा १ जूनला येऊन गेला होता. जर्मनांच्या हेरखात्याला त्याचा अर्थ ठाऊक होता, त्यांनी तो ऐकलाही, आणि तरी नॉर्मंडीत असलेल्या त्यांच्या सातव्या सैन्याला सावध केले गेले नाही. दप्तरदिरंगाई ही काही आपल्याच देशाची मिरास नव्हे.

निरोप ऐकणाऱ्यांत रेल्वे कामगार पुष्कळ होते. आगगाड्या चालविणाऱ्यालाच आगगाडी कशी बंद पडते ते ठाऊक असते. त्या रात्री शेकडो ठिकाणी रूळ उखडले गेले आणि जर्मनांच्या राखीव फौजा वाटेत रखडल्या. पडदे ओढून, आवाज बारीक करून, कान यंत्राला लावून ही माणसे बातम्या ऐकत. हॉलंडमध्ये तर जर्मनांनी १९४३ मध्ये घराघरांतले रेडिओ जप्त केले होते. तिथे ऐकणे हाच गुन्हा. रेडिओ ऐकण्यासाठी जीव धोक्यात घालणारी माणसे कुठे, आणि शेजारच्या खोलीत कोणी नसताना दूरदर्शन संच बडबडत ठेवणारे आपण कुठे!

अमेरिकेत दिवस उजाडला तेव्हा कामगार पाळीवर निघाले. जाहिराती बहुतेक गळल्या होत्या, आणि ही गोष्ट साधी समजू नका; कारण तिकडचा सगळा रेडिओ साबणवाल्यांच्या, दंतमंजनवाल्यांच्या पैशावर चाले. दुपारच्या कौटुंबिक मालिका काही झाल्या, काही मधेच तुटल्या, काही गिळल्या गेल्या. एखादी नायिका नवऱ्याच्या काळजीत रडू लागते आणि निवेदक मधे येऊन किनाऱ्यावरची बातमी सांगतो. मग नायिका उरलेले रडते. ऐकताना प्रथम हसू येते. नंतर ध्यानात येते की तो कार्यक्रम ऐकणाऱ्या बायकांपैकी कितीएकींचे नवरे त्या क्षणी खरोखरच त्या वाळूत होते.

इंग्लंडमधली गोष्ट वेगळी. तिथे जाहिराती नव्हत्याच. तिथे रेडिओ कारखान्यात शिरला होता. जून १९४० मध्ये, फ्रान्स पडला त्या महिन्यात, बीबीसीने 'काम करता करता संगीत' या अर्थाच्या नावाचा कार्यक्रम सुरू केला. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास, आणि पुढे रात्रपाळीसाठीही. यंत्रांच्या खडखडाटातून कर्ण्यांवर तो ऐकवायचा. त्याचे नियम ठरलेले होते. चाल फार संथ नको, आवाजात एकदम चढ-उतार नको, डुलकी आणणारे काही नको. टेक्सासवरचे एक लोकप्रिय गाणे वर्ज्य ठरले, कारण त्यात मधेमधे टाळ्या वाजवाव्या लागतात आणि टाळ्यांसाठी कामगार हातातले काम सोडीत! जात्यावर ओव्या म्हणत पहाटे पायली-पायली दळणाऱ्या आमच्या आयाआज्यांना हे शास्त्र बीबीसीने शिकविण्याची गरज नव्हती. या संगीतामुळे उत्पादन वाढते असे सांगत. वाढत असेलही. आमच्यासारखा माणूस लगेच विचारतो, वाढलेल्यातला वाटा कुणाला? पण ती लढाई हिटलरशी होती, आणि ब्रिटिश कामगारांनी तो प्रश्न बराच काळ बाजूला ठेवला. सगळाच काळ नव्हे. १९४४ च्या वसंतात तिथल्या खाणींत मोठे संप झाले होते.

याच काळात 'कामगारांची मधली सुट्टी' म्हणावे असा दुसरा कार्यक्रम मे १९४१ पासून चालू होता. 'ब्रिटनमध्ये कुठे तरी' एवढाच पत्ता सांगून एखाद्या कारखान्याच्या खानावळीतून गाणी, नकला थेट ऐकवीत. त्याला मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांचे पाठबळ होते. बेव्हिनवर आम्ही जरा जास्त बोललो तर क्षमा करा. आठव्या वर्षी पोरका झालेला, अकराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटलेला, शेतावर राबलेला, गाडी हाकलेला हा माणूस ब्रिटनच्या सर्वांत मोठ्या युनियनचा सरचिटणीस झाला. १९२० मध्ये गोदी कामगारांच्या पगाराची चौकशी झाली, तेव्हा मालकांच्या बाजूने एका प्राध्यापकाने कामगाराला जगायला किती अन्न पुरे ते हिशेबाने मांडले. बेव्हिनने बाजारातून तेवढेच पदार्थ आणून बशांत मांडून न्यायासनापुढे ठेवले आणि विचारले, दिवसभर धान्याची पोती वाहणाऱ्याला हे पुरेल काय? तेव्हापासून लोक त्याला गोदीवाल्यांचा बॅरिस्टर म्हणत. तोच बेव्हिन मंत्री झाल्यावर १९४० मध्ये संपबंदीचा हुकूम काढतो, आणि एप्रिल १९४४ मध्ये संपाची चिथावणी देणाऱ्यांना कैदेची तरतूद करतो! आम्ही त्याची बशी डोक्यावर घेतो. हुकूम घेत नाही. खानावळीत गाणी ऐकवली म्हणून हुकमाची कडू चव जात नाही. लढाईत होते तेव्हा दुसरे काय करणार होता, असे कुणी विचारील, तर त्याचे पुरते उत्तर आमच्यापाशी नाही, हेही कबूल करतो.

आता आपल्याकडे वळू. त्या दिवशी हिंदुस्थानात गांधीजी आगाखान पॅलेसमधून सुटून बरोबर एक महिना झाला होता, आणि पुष्कळ पुढारी अजून तुरुंगात होते. लंडनहून १९४२ पासून मराठीतही प्रक्षेपण होत असे. बीबीसीच्या पूर्वेकडील विभागात जॉर्ज ऑर्वेल हिंदुस्थानसाठी बातमीपत्रे लिहीत आणि त्यांची मराठी, गुजराती, बंगाली, तामिळ भाषांतरे होत. त्यांच्याबरोबर वेणू चितळे ही आपली मराठी बाई काम करीत होती. आपले मराठे शिपाई इटलीत लढत होते. रोम ४ जूनला पडले. केवढी बातमी! पण नॉर्मंडीपुढे तिला एक दिवसाचेच आयुष्य लाभले.

परंतु आमच्या मनात घर करून आहे ती दुसरी गोष्ट, त्या दिवसाच्या दोन महिने आधीची. आमचे आजोबा मुंबईच्या गोदीत हमाल होते. १४ एप्रिल १९४४ ला दुपारी चार वाजून गेल्यावर व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटले. पोटात स्फोटके, वर कराचीहून घेतलेला कापूस. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. गोदीतले किती, याचा धड हिशेब कधी लागला नाही, कारण रोजंदारीच्या माणसाचे नाव कुठे नोंदलेले असते? आजोबांची पाळी त्या दिवशी चुकली, म्हणून आम्ही आपल्यासमोर उभे आहोत. सगळ्या मुंबईने धूर पाहिला. पण लढाईची सेन्सॉरशाही अशी, की या घटनेचा सविस्तर वृत्तांत बाहेर धाडायला बातमीदारांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत परवानगी मिळाली नाही. जगाला तो सांगितला जपान्यांच्या ताब्यातल्या सायगावच्या रेडिओने, दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला. म्हणजे नॉर्मंडीची बातमी पहिल्यांदा जर्मनांनी दिली तशी मुंबईची जपान्यांनी. मात्र नॉर्मंडीला तीन तासांत दुजोरा मिळाला. मुंबईच्या गोदीवाल्यांना जवळजवळ एक महिना लागला.

रात्रीकडे येऊ. न्यूयॉर्कच्या रात्री दहा वाजता अध्यक्ष रूझवेल्ट बोलले. आदल्या रात्री ते रोमवर बोलले होते. सैन्य खाडी ओलांडते आहे हे मनात ठेवून त्यातले अक्षरही न काढता. या रात्री त्यांनी भाषण केलेच नाही, एक प्रार्थना म्हटली. ती दुपारच्या वर्तमानपत्रांत आधीच छापून आली होती, लोकांना बरोबर म्हणता यावी म्हणून. बॉब होप हा विनोदी नट, त्यानेही त्या रात्री विनोद केले नाहीत.

आणि अकरानंतर ऐकवली ती जॉर्ज हिक्स यांची ध्वनिफीत. हा वार्ताहर 'अँकन' नावाच्या जहाजावर होता, ऑमाहा किनाऱ्यासमोर. जर्मन विमाने येतात, जहाजांच्या तोफा सुरू होतात, हिक्स बोलत राहतात, आवाज तोफांत बुडतो, पुन्हा वर येतो. एक विमान पेटून खाली येते आणि खलाशी ओरडतात. बहुतेकांनी लढाई प्रथम कानांनी ऐकली ती त्या रात्री. याआधी का नाही? यंत्रे नव्हती म्हणून नव्हे. या कंपन्यांचा दंडकच होता की मुद्रित केलेले काही ऐकवायचे नाही, सारे जिवंत. दंडकामागे धंदा होता : तबकडीवर कार्यक्रम मिळू लागला तर गावोगावची केंद्रे ती टपालाने मागवतील, मग कंपनीच्या तारेचे भाडे कोण देईल? लढाईने तो दंडक त्या रात्री मोडला.

तबकड्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो, त्या दिवशी अमेरिकेत एक संपही चालू होता. वादकांच्या युनियनने १ ऑगस्ट १९४२ पासून तबकड्यांसाठी वाजवणे बंद केले होते. तबकडी एकदा वाजवून घेतात आणि हजारदा विकतात, रेडिओवर लावतात, आणि वाजविणाऱ्याचे काम जाते, ही तक्रार. पुढारी पेट्रिलो, शाळेत चौथीच्या पुढे न गेलेला. वर्तमानपत्रांनी त्याला देशद्रोही म्हणायचे बाकी ठेवले नाही. सैनिकांसाठीच्या तबकड्यांना मात्र युनियनने मोकळीक दिली होती. एक कंपनी १९४३ मध्ये वाकली, दोन बड्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ मध्ये. दर तबकडीमागे काही रक्कम बेकार वादकांच्या निधीत पडू लागली. म्हणजे ६ जूनला रेडिओवर जे वाद्यवृंद वाजले त्यांतले पुष्कळ वादक एका हाताने वाद्य आणि दुसऱ्या हाताने संप धरून बसलेले होते. इतिहासाच्या पुस्तकांत हे कुठेतरी तळटिपेत असते. आम्ही ते वर घेतले.

त्या दिवसाच्या रेडिओचे आम्ही इतके कौतुक केले, पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. हानी भीती होती त्यापेक्षा कमी आहे, असे दिवसभर वरून सांगण्यात आले, आणि रेडिओने ते तसेच सांगितले. एकंदरीने ते खोटे नव्हते. पण ऑमाहा किनाऱ्यावर सकाळचे काही तास सगळेच हातचे जाते की काय अशी वेळ होती, त्याचा मागमूस त्या प्रक्षेपणात नाही. पुढे अनेक वर्षे नावानिशी शोध घेऊन दोस्तांचे त्या दिवशीचे मृत मोजले गेले ते ४,४१४.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात बेडफर्ड नावाचे गाव आहे. तेव्हा तीन-साडेतीन हजार वस्तीचे. तिथली तरुण मुले एकाच कंपनीत भरती झाली होती आणि ती कंपनी ऑमाहावर पहिल्या लाटेत उतरली. काही मिनिटांत गावची १९ मुले गेली. त्यांच्या घरच्यांनी रात्री प्रार्थना ऐकली, कदाचित कागद हातात धरून बरोबर म्हटली. दुसऱ्या दिवशी जाहिराती हळूहळू परत आल्या, मालिकांच्या नायिका पुन्हा रडू लागल्या. जून गेला, अर्धा जुलै गेला. गावाला काही कळले नाही. कुणी म्हणे पत्रे उशिरा येतात, कुणी म्हणे मुले पुढे गेली असतील.

गावातले तारयंत्र एका औषधांच्या दुकानात होते, आणि ते चालवायलाही एक तरुण मुलगीच होती. १७ जुलैच्या सकाळी तिने नेहमीप्रमाणे यंत्र सुरू केले आणि जवळच्या शहरातल्या कचेरीला तयार असल्याचा निरोप दिला. तिकडून उत्तर आले की मृतांच्या तारा आहेत. तिला वाटले एक असेल. यंत्र थांबेना. या वेळी दुजोरा मागण्याची गरज नव्हती. तारा युद्धखात्याच्याच होत्या, प्रत्येकीवर नाव होते, आणि त्यांतले प्रत्येक नाव तिच्या ओळखीचे होते. ती पोहोचवायची कुणी, हे तिला दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकांतूनच ठरवावे लागले.